बहिणीनं पाठवलेलं तिकीट

१ जानेवारी १८९२. न्यूयॉर्कच्या बंदरातल्या एलिस बेटावर बाहेरदेशातून येणाऱ्यांची तपासणी करणारं नवं केंद्र त्या दिवशी सुरू झालं. 'नेवाडा' नावाची आगबोट आदल्या संध्याकाळीच बंदरात येऊन थांबली होती. सकाळी तिच्यातले सर्वांत स्वस्त तिकिटाचे उतारू बेटावर आणले गेले, आणि नव्या नोंदवहीत पहिलं नाव लिहिलं गेलं ते आयर्लंडच्या कॉर्क शहरातून आलेल्या अ‍ॅनी मूर या मुलीचं. वर्तमानपत्रांनी तिचं वय पंधरा छापलं. खरं तर ती सतरा वर्षांची होती. बरोबर अँथनी आणि फिलिप हे दोन धाकटे भाऊ. केंद्राच्या मुख्य अधिकाऱ्यानं तिच्या हातावर दहा डॉलरचं सोन्याचं नाणं ठेवलं, चार शब्द बोलला, आणि अ‍ॅनी पुढे निघाली.

पुढे म्हणजे कुठे? न्यूयॉर्कमध्ये तिचे आईवडील तिची वाट पाहत होते. ते तीन-साडेतीन वर्षं आधीच येऊन पोचले होते, थोरली भावंडं त्यांच्याबरोबर होती. मागे राहिलेल्या तीन लेकरांची पाळी आता आली होती. म्हणजे बारा दिवसांचा समुद्र ओलांडून अ‍ॅनी परक्या देशात आली हे खरं, पण ती आली आपल्याच घरी.

या अ‍ॅनीची पुढची हकीकत मी शेवटी सांगणार आहे, कारण ती जगाला पुष्कळ वर्षं चुकीची ठाऊक होती. त्याआधी एक साधा प्रश्न. परमुलखात उतरलेल्या माणसाला काम कसं मिळतं? आपण म्हणतो, हिंमत हवी, अंगात कस हवा, नशीब हवं. हे सगळं हवंच. पण एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गेलेल्या लाखो आयरिश माणसांची कहाणी पाहिली, तर पहिली गोष्ट दिसते ती वेगळीच. त्यांचं काम, त्यांची राहायची जागा, इतकंच काय त्यांचं बोटीचं तिकीटसुद्धा बहुतेक वेळा आधी गेलेल्या कुणा भावाबहिणीनं, मावशीनं, चुलतभावानं उभं केलेलं होतं. आणि ते फुकट नव्हतं. ते फेडायचं होतं. कसं फेडायचं होतं, ते समजून घेण्यासारखं आहे.

थोडं मागे जाऊ. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाख ७५ हजार होती. देश इंग्रजांच्या राज्यात, जमीन बड्या जमीनदारांची, कसणारा कूळ म्हणून खंड भरणारा. धान्य पिकायचं, जनावरं पोसली जायची, ती खंडापायी विकली जायची. गरिबाच्या पोटात जायचा तो बटाटा. अर्ध्या-एक एकरात सहा माणसांचं कुटुंब वर्षातले बरेच महिने बटाट्यावर निघायचं. १८४५ साली त्या पिकावर करपा पडला. हिरवं रान काही दिवसांत काळं पडायचं आणि जमिनीतून कुजका चिखल निघायचा. पुढची पाच-सहा वर्षं तो करपा कमीजास्त प्रमाणात येत राहिला. सुमारे दहा लाख माणसं भुकेनं आणि तिच्यामागून आलेल्या तापानं मेली. त्याहून अधिक देश सोडून गेली. १८५१ च्या जनगणनेत आकडा आला ६५ लाख ५२ हजार.

दुष्काळ संपला, पण जाणं संपलं नाही. त्याला कारण जमीन. दुष्काळाआधी बाप आपला तुकडा सगळ्या मुलांत वाटायचा आणि तुकड्यांचे तुकडे व्हायचे. त्याचा परिणाम काय झाला तो सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. आता नवी रीत पडली. जमीन एकाच मुलाच्या नावे. हुंडा देऊन लग्न करायचं ते एकाच मुलीचं. मग घरातल्या उरलेल्या चार-पाच मुलामुलींनी काय करायचं? त्यांच्यासाठी घरात जागा नव्हती आणि गावात काम नव्हतं. त्यांचं नशीब पाळण्यात असतानाच ठरलेलं असायचं. मोठं व्हायचं आणि जायचं.

पण जायला पैसा लागतो. दुष्काळाच्या काळात सरकारी रस्त्यांच्या कामावर दिवसाला आठ-दहा पेन्स मजुरी मिळे. शिडाच्या जहाजातल्या सर्वांत स्वस्त वर्गाचं अमेरिकेचं भाडं साधारण चार पौंड धरा. एका पौंडाचे तेव्हा २४० पेन्स. म्हणजे आठ पेन्सांची मजुरी १२० दिवस मिळाली, आणि त्यातला एकही पेनी पोटाला खर्च केला नाही, तर एका माणसाचं तिकीट. सात माणसांच्या घरानं हे गणित सोडवायचं कसं?

ते असं सोडवलं गेलं. सगळ्यांनी मिळून एकाला पाठवायचं. गाय विकून, डुक्कर विकून, कधी उसनवारी करून. ज्याला किंवा जिला पाठवायचं, ती कमावती ठरेल याचा अंदाज घ्यायचा. तिनं तिकडे काम धरायचं आणि पहिल्या बचतीतून पुढच्या भावंडाचं तिकीट काढायचं. त्यानं तिसऱ्याचं. तिकीट अमेरिकेतच पैसे भरून काढता यायचं आणि पत्रातून घरी पाठवता यायचं. उतारू इकडे, पैसे भरणारा तिकडे. जहाज कंपन्यांचे दलाल न्यूयॉर्क आणि बॉस्टनच्या आयरिश वस्त्यांत हाच धंदा करून बसलेले असत. १८४८ ते १८६४ या काळात उत्तर अमेरिकेतल्या आयरिश माणसांनी बँका आणि व्यापारी पेढ्यांमार्फत घरी पाठवलेली रक्कम १ कोटी ३० लाख पौंडांच्या घरात जाते, असा तेव्हाच्या सरकारी खात्याचा अंदाज होता. हे पैसे कुणा सावकाराचे किंवा सरकारचे नव्हते. भांडी घासणाऱ्या आणि माती उपसणाऱ्या हातांचे होते.

मागे राहिलेल्यांच्या दृष्टीनं हे जाणं जवळजवळ मरणासारखंच होतं. निघायच्या आदल्या रात्री घरात माणसं जमत. आयर्लंडमध्ये कुणी वारलं की प्रेताशेजारी रात्रभर जागायची रीत होती. तसंच हे जागरण. नाच होई, गाणी होत, पहाटे रडारड. याला नावच होतं 'अमेरिकन जागरण'. कारण गेलेलं माणूस पुन्हा दिसेल ही आशा फार थोड्यांना असायची. पुढे दिसायचं ते त्याचं पत्र. शाळामास्तर किंवा लिहितावाचता येणारा शेजारी ते मोठ्यानं वाचून दाखवी. नाताळच्या आधी पत्र आलं, की त्यात पैसे असणार हे गृहीतच असायचं.

आता पलीकडच्या किनाऱ्यावर या. बोट धक्क्याला लागली, की ठकांची झुंबड उडे. हे ठक बरेचदा आयरिशच असत. आपल्या गावची बोली बोलत, सामान उचलत, आणि ओळखीच्या खाणावळीत नेऊन नवख्याला लुबाडत. बोली आपली म्हणून माणूस आपला, असं नसतं, हा परदेशातला पहिला धडा. म्हणून १८५५ साली न्यूयॉर्कमध्ये कॅसल गार्डन या जुन्या किल्ल्यात उतारूंसाठी सरकारी केंद्र उघडलं गेलं. तिथं ठकांना मज्जाव होता, आणि पुढे काम मिळवून देणारं कार्यालयही होतं. तरीसुद्धा खिशातली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे चुरगळलेला पत्त्याचा कागद. मावशीचा, भावाचा, गावच्या कुणाचा.

हा पत्ता किती मोलाचा होता, हे पुढे कायद्यानंच दाखवून दिलं. १८८२ साली अमेरिकेनं कायदा केला, की जो स्वतःचं पोट भरू शकणार नाही, सरकारवर ओझं होईल, त्याला परत पाठवायचं. १८८५ साली दुसरा कायदा आला. कारखानदार परदेशातून करारानं स्वस्त मजूर आणतात आणि इथल्या कामगारांची मजुरी पाडतात, म्हणून आधी कामाचा करार करून येणाऱ्यांना बंदी. आता पेच पाहा. तपासणीच्या टेबलामागचा अधिकारी विचारतो, "इथं काम ठरवून आलात का?" हो म्हणावं, तर १८८५ चा कायदा आडवा येतो. नाही म्हणावं, आणि खिशात पैसेही नसावेत, तर १८८२ चा.

या चिमट्यातून सुटायची वाट एकच होती. "काम ठरवलेलं नाही, पण माझी बहीण इथं आहे, मी तिच्याकडे चालले आहे, आणि मला काम करता येतं." १८८५ च्या कायद्यानं नातेवाइकाला किंवा मित्राला येण्यासाठी मदत करायची मुभा ठेवली होती. घरकामाच्या नोकरांना करारबंदीतून वगळलं होतं. १८९१ च्या कायद्यानंही अमेरिकेत राहणाऱ्यानं नातेवाइकाचं तिकीट भरून त्याला बोलावणं मान्य केलं. १८९३ पासून तर जहाजाच्या यादीतच प्रश्न छापले गेले. तुमचं भाडं कुणी भरलं? कुणा नातेवाइकाकडे चालला आहात का? नातं काय? नाव, पत्ता? जे शतकभर लोक आपापल्या रीतीनं करत आले होते, ते आता सरकारी कागदावर चढलं. एकटी आलेली मुलगी तर बरेचदा कुणी नातेवाईक घ्यायला येईपर्यंत सोडलीच जात नसे.

आणि जिला कुणीच नाही, तिचं काय? शार्लट ग्रेस ओब्रायन या आयरिश लेखिकेनं १८८०-८२ च्या सुमारास बोटींवरच्या मुलींचे हाल पाहून आवाज उठवला. त्यातून न्यूयॉर्कच्या बंदरासमोर एका कॅथलिक धर्मगुरूंनी आयरिश मुलींसाठी आसराघर सुरू केलं. तिथं फुकट राहायला मिळे, नातेवाइकांचा शोध घेतला जाई, आणि चांगलं घर पाहून कामाला लावलं जाई. ज्यांना मावशी नव्हती, त्यांच्यासाठी हे घर काही दिवसांची मावशी झालं.

मुलींचा उल्लेख मी पुन्हापुन्हा करतो आहे, त्याला कारण आहे. इतर देशांतून अमेरिकेला आधी पुरुष जात, बायका मागाहून. आयर्लंडमधून जाणाऱ्यांत जवळजवळ निम्म्या बायका होत्या, आणि शतक संपता संपता काही वर्षं तर पुरुषांहून जास्त. त्यातल्या बहुतेक तरुण, अविवाहित, आईबापांशिवाय आलेल्या. त्या काय काम करीत? १९०० साली अमेरिकेत काम करणाऱ्या आयर्लंडमध्ये जन्मलेल्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक घरकामाला होत्या. मालकाच्या घरी राहून स्वयंपाक, धुणीभांडी, मुलं सांभाळणं. या बायकांना मालकिणी सरसकट 'ब्रिजेट' म्हणत, मग तिचं नाव मेरी असो की नोरा.

हे काम अमेरिकेत जन्मलेल्या मुलींना नको असे. पहाटेपासून रात्रीपर्यंत राबायचं, आठवड्यात एक दुपार आणि एखादा रविवार सुट्टी, राहायला माळ्यावरची खोली. पण आयरिश मुलीचा हिशोब वेगळा होता. कारखान्यात शिवणकाम केलं तर मजुरीतून खोलीचं भाडं आणि जेवण जातं. इथं खाणं-राहणं मालकाचं. १८५० च्या सुमारास महिन्याला पाच-सहा डॉलर मिळाले, तरी ते जवळजवळ सगळे हातात राहतात. तिला कुणाला तरी आणायचं होतं. त्या दृष्टीनं मालकाच्या माळ्यावरची ती थंड खोली फायद्याची होती.

काम मिळायचं कसं? आधीच कामाला असलेली बहीण मालकिणीला विचारी, शेजारच्या घरी चौकशी करी. "माझी धाकटी येते आहे, कष्टाळू आहे, खोटं बोलणार नाही." ही शिफारस म्हणजे हमीपत्र. धाकटीनं काच फोडली, उलट उत्तर दिलं, तर थोरलीची पत जाई. म्हणून थोरली आधी धाकटीला शिकवी. गॅसची शेगडी कशी पेटवायची, ताटं कुठल्या बाजूनं वाढायची, मालकिणीचं बोलणं ऐकून कसं घ्यायचं. चुलीवर बटाटे उकडलेल्या मुलीला हे सगळं नवं होतं.

जाहिरातींत पुष्कळदा लिहिलेलं असे, 'आयरिशांनी अर्ज करू नये.' २००२ साली एका अमेरिकन प्राध्यापकांनी असं मांडलं, की अशा पाट्या आणि जाहिराती जवळजवळ नव्हत्याच, ती आयरिश समाजानं जपलेली दंतकथा आहे. २०१५ साली एका शाळकरी मुलीनं जुनी वर्तमानपत्रं संगणकावर चाळून तशा जाहिराती भरपूर शोधून काढल्या आणि तिचा लेख त्याच विषयाच्या अभ्यासपत्रिकेत छापून आला. आजीच्या तोंडून ऐकलेलं दुःख पुष्कळदा पुराव्याआधीच खरं असतं. पण मुद्दा असा, की छापील जाहिरातीचं दार बंद असलं, तरी बहिणीच्या शिफारशीचं दार उघडं होतं. जी दारं कागदावर नव्हती, त्यांतूनच बहुतेक जणी आत गेल्या.

पुरुषांचंही तसंच. १८१७ ते १८२५ मध्ये खणलेल्या एरी कालव्यावर, मग रेल्वेच्या रुळांवर, बंदराच्या धक्क्यावर. धक्क्यावर रोज सकाळी मजुरांचा घोळका उभा राही आणि मुकादम बोटानं दाखवी, तू ये, तू ये. ते बोट कुणाकडे वळेल, हे ओळखीवर ठरे. मुकादम गावचा असला, की चूल पेटली. पुढे पोलिसांत, अग्निशामक दलात, नगरपालिकेत हेच झालं. १८५५ साली न्यूयॉर्कच्या पोलिसांत चौथ्या हिश्शाहून अधिक माणसं आयर्लंडमध्ये जन्मलेली होती.

याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे ब्यूट. मोंटाना राज्यात डोंगरात वसलेलं हे तांब्याच्या खाणींचं गाव. आयर्लंडच्या दक्षिण टोकाला बेआरा नावाचा द्वीपकल्पासारखा भाग आहे, तिथल्या अ‍ॅलिहीज गावात तांब्याच्या खाणी होत्या. १८८० नंतर त्या बंद पडत गेल्या, आणि तिथले खाणमजूर ब्यूटला गेले. ब्यूटमधला बडा खाणमालक मार्कस डेली स्वतः कॅव्हन परगण्यातून पंधरा वर्षांचा असताना आलेला आयरिश. १९०० च्या सुमारास ब्यूटमध्ये साधारण चौथा हिस्सा लोक आयरिश होते. सुलिव्हन आणि हॅरिंग्टन ही बेआराची आडनावं तिथं इतकी होती, की माणसं टोपणनावानं ओळखावी लागत. नव्या पोराला उतरायला नात्यातल्या विधवेची खाणावळ, पाळी लावून द्यायला चुलता, आजारी पडल्यास मदतीला आयरिश मंडळाचा निधी. आपल्याकडे कोकणातून मुंबईला गेलेल्या चाकरमान्याला हे ऐकून गावकीची खोली आठवली, तर नवल नाही.

पण याच जागी या आधाराची दुसरी बाजूही दिसते. चुलत्यानं खाणीत काम लावलं, म्हणजे पोरगा खाणीतच गेला. दगडाच्या धुळीनं फुप्फुसं निकामी होणं हा तिथला ठरलेला शेवट. ८ जून १९१७ च्या रात्री ब्यूटच्या खाणीत खाली सोडल्या जाणाऱ्या विजेच्या केबलला दिव्याची ज्योत लागली, आग भडकली आणि १६८ माणसं मेली. नाना देशांची माणसं होती ती, त्यांत आयरिशही होते. जिथं भाऊ भावाला काम लावतो, तिथं अपघात एका घरात दोनदा शिरतो.

दुसरी बाब अधिक अवघड आहे, पण सांगितली पाहिजे. आपल्या माणसाला आत घेणारं दार दुसऱ्यासाठी बंद होतं. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर काळ्या मजुरांना हुसकावून लावण्यात आयरिश मजूर पुढे होते. जुलै १८६३ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध तिथं दंगल उसळली, तिच्यात आयरिश गरिबांचा मोठा भरणा होता, आणि त्या जमावानं काळ्या माणसांना भर रस्त्यात फाशी दिलं. शंभराहून अधिक माणसं त्या दंगलीत मेली. स्वतः 'अर्ज करू नये' हे वाचलेल्यांनी दुसऱ्याला तेच ऐकवलं. भूक माणसाला भूक ओळखायला शिकवतेच असं नाही.

या सगळ्याचा जमाखर्च मांडलेला एक दस्तऐवज सुदैवानं टिकून आहे. न्यूयॉर्कच्या आयरिश मंडळींनी १८५० साली चेंबर्स स्ट्रीटवर एक बचत बँक काढली, 'एमिग्रंट इंडस्ट्रियल सेव्हिंग्ज बँक'. खातेदारांपैकी पुष्कळांना सही येत नव्हती, आणि मेरी केली किंवा पॅट्रिक मर्फी नावाचे कितीतरी. मग पैसे मागायला आलेला माणूस तोच, हे ओळखायचं कसं? बँकेनं युक्ती केली. खातं उघडताना त्याला विचारायचं आणि लिहून ठेवायचं. गाव कोणतं, कोणत्या जहाजानं कधी आलात, आईचं माहेरचं नाव काय, बाप जिवंत आहे का, भावंडं किती आणि कुठे आहेत. पुढे तेच प्रश्न पुन्हा विचारून पडताळायचं. म्हणजे माणसाची ओळख त्याच्या सहीत नव्हती, त्याच्या नात्यांत होती.

या वह्या आज न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहेत. त्यांतल्या एकेका नोंदीत अख्खं घर दिसतं. आई आयर्लंडमध्ये, बाप मेलेला, एक भाऊ इथं, दोन बहिणी तिथं. काही वर्षांनी ती आई इथं आलेली, बहीण इथं आलेली. टायलर अँबाइंडर या इतिहासकारानं या वह्यांवर वर्षानुवर्षं काम करून २०२४ मध्ये पुस्तक लिहिलं. दुष्काळातून आलेला आयरिश माणूस कायमचा कंगाल राहिला, हा जुना समज त्यानं खोडून काढला. हमाल, मोलकरणी, फेरीवाले यांनी आपण समजतो त्याहून पुष्कळ अधिक शिल्लक टाकली होती. पोट मारून.

पोट मारून हे शब्द मी जपून वापरतो. कारण हिशोबात न येणारंही बरंच आहे. चार भावंडांची तिकिटं काढता काढता थोरलीचं लग्नाचं वय निघून जाई. घरून पत्र येई, छपराला पैसे हवेत, खंड थकला, धाकटा येऊ म्हणतो. नाही कसं म्हणणार? तिचंही तिकीट कुणीतरी काढलेलं होतं. काहींनी मग पत्रं लिहिणंच थांबवलं, पत्ता बदलला, गर्दीत विरून गेले. गावात त्यांच्याबद्दल वाईट बोललं गेलं. पण कोण जाणे, पाठवायला काही नव्हतं म्हणूनही ते गप्प झाले असतील. हात रिकामा असला की शब्दही जड होतात.

विसाव्या शतकात या गोष्टीला विचित्र वळण मिळालं. १९६५ साली अमेरिकेनं परदेशी लोकांना घेण्याचा नवा कायदा केला आणि त्यात जवळच्या नात्याला मोठं महत्त्व दिलं. नवराबायको, मुलं, आईबाप, भावंडं. आयरिश माणसांना हा कायदा लाभायला हवा होता. पण तोवर त्यांची अमेरिकेतली नाती जुनी झाली होती. आजोबांचे चुलतभाऊ कायद्याला चालत नव्हते. १९८० च्या दशकात आयर्लंडमध्ये बेकारी वाढली तेव्हा हजारो तरुण पर्यटक म्हणून न्यूयॉर्क, बॉस्टनला गेले आणि परवान्याशिवाय तिथंच राहिले. बांधकामावर, दारूच्या गुत्त्यात, म्हाताऱ्यांची सेवा करण्यात. काम मात्र जुन्याच वाटेनं मिळालं, गाववाल्याच्या ओळखीनं. आईबाप वारले तरी त्यांना घरी जाता येत नव्हतं, कारण गेल्यास परत येता आलं नसतं. १९९० च्या कायद्यानं पुढच्या तीन वर्षांत आयर्लंडसाठी ४८ हजार परवाने राखून ठेवले, तेव्हा पुष्कळांचा जीव भांड्यात पडला.

त्याच १९६५ च्या कायद्यानं दुसरीकडे आपल्या माणसांसाठी दार उघडलं. पुण्यामुंबईचा इंजिनिअर किंवा डॉक्टर आधी गेला, मग त्यानं आईवडिलांसाठी अर्ज केला, भावाबहिणींसाठी केला. भावंडांची रांग वर्षानुवर्षांची असते, तरी माणसं ती लावतात. फॉर्मवर आजही नातं विचारलं जातं, पत्ता विचारला जातं, खर्चाची हमी कोण घेणार हे विचारलं जातं. प्रश्न ओळखीचे आहेत. आयरिश मुलींनी त्यांची उत्तरं सव्वाशे वर्षांपूर्वी देऊन ठेवली आहेत.

आता अ‍ॅनी मूर. बरीच वर्षं असं सांगितलं जाई, की ही पहिली मुलगी पुढे पश्चिमेला टेक्ससमध्ये गेली, तिथं संसार थाटला आणि १९२३ साली अपघातात वारली. अमेरिकेला आवडणारी गोष्ट होती ती. एक मुलगी, मोकळा मुलूख, नवं आयुष्य. २००६ साली मेगन स्मोलेनियाक या वंशावळींच्या अभ्यासक बाईंनी कागद धुंडाळून दाखवलं, की टेक्ससची अ‍ॅनी मूर ही वेगळीच बाई. ती जन्मलीच अमेरिकेत, इलिनॉय राज्यात. एलिस बेटावर उतरलेली अ‍ॅनी न्यूयॉर्क सोडून कुठे गेलीच नव्हती.

ती आईवडिलांच्या वस्तीतच, मॅनहॅटनच्या खालच्या टोकाच्या चार गल्ल्यांत राहिली. १८९५ साली एका जर्मन पाववाल्याच्या मुलाशी तिचं लग्न झालं, तो मासळीबाजारात विक्रीचं काम करी. तिला अकरा मुलं झाली, त्यांतली पाच मोठी झाली. बाकीची लहानपणीच गेली. १९२४ साली, पन्नाशीत, हृदयविकारानं ती वारली. क्वीन्समधल्या कॅल्व्हरी दफनभूमीत तिची कबर होती, पण तिच्यावर नाव नव्हतं. २००८ साली वर्गणीतून तिथं आयरिश दगडाचा क्रूस उभा राहिला.

ज्या मुलीला पहिली म्हणून सोन्याचं नाणं मिळालं, तिच्या कबरीवर चौऱ्याऐंशी वर्षं दगड नव्हता. कुणी म्हणेल, मग काय मिळवलं तिनं? मी म्हणतो, तिनं तेच केलं, जे तिच्याबरोबर आलेल्या लाखोंनी केलं. घराला धरून राहिली, आणि तिच्या पाठीमागे घर उभं राहिलं.

१९९३ साली तिचे दोन पुतळे उभारले गेले. दोन्ही एकाच आयरिश शिल्पकार बाईंनी घडवलेले. एक एलिस बेटावर आहे. त्यात अ‍ॅनी एकटी आहे, हातात प्रवासाची पेटी. दुसरा आयर्लंडमध्ये, ती जिथून बोटीत चढली त्या कोव्हच्या बंदरावर. त्यात तिचे दोन भाऊ तिच्याजवळ आहेत. पोचण्याच्या जागेला ती एकटी दिसली. निघण्याच्या जागेला ठाऊक होतं, की एकटं कुणीच निघत नाही.